निवडणं कुणाच्या हाती? रेशनचा तांदूळ आणि पसंतीचा प्रश्न

(कर्जत इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं जोडली आहेत.)



आजच्या विषयाची पाटी चांगली लांबलचक आहे. अन्नवितरण, ग्राहकाची पसंती आणि अन्नधोरण. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही, शेतीशास्त्राचा तर नाहीच. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या धंद्याची एक खोड असते. ज्या शब्दावरून बाकीचे लोक सहज पुढे निघून जातात, तिथे आम्ही बसकण मारतो. आज मी 'पसंती' या एका शब्दापाशी बसणार आहे. बाकीचं सगळं त्याच्या अनुषंगाने येईल.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. खालापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर ओळखीच्या शिक्षकांबरोबर गेलो होतो. वाडीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. एका घराच्या ओटीवर एक बाई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. रेशनचा तांदूळ. त्यातले काही दाणे ती वेचून बाजूला टाकत होती. मला वाटलं खडे असतील. जवळ जाऊन पाहिलं तर खडे नव्हते. तांदळासारखेच दाणे, फक्त थोडे पिवळट आणि एकसारखे गुळगुळीत. मी विचारलं, "हे काय टाकता?" ती म्हणाली, "मास्तर, हे प्लास्टिकचं दाणं. पाण्यात टाकलं की वर येतंय. पोरांच्या पोटात नको जायला."

तुमच्यापैकी काहींना ते दाणे कशाचे हे ठाऊक असेल. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे साधारण एक या प्रमाणात मिसळतात. याला पोषणयुक्त किंवा फोर्टिफाइड तांदूळ म्हणतात. १५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं की सरकारी योजनांतून जाणारा सगळा तांदूळ २०२४ पर्यंत असा होईल. तो झाला, आणि ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवण्याचा निर्णयही २०२४ मध्ये झाला होता.

म्हणजे घडलं काय ते पाहा. रक्तक्षय कमी व्हावा म्हणून दिल्लीत जो दाणा तांदळात घातला, तोच दाणा आई पोराच्या काळजीपोटी सुपातून बाहेर काढते आहे. सरकारला पोराची काळजी आहे आणि आईलाही आहे. दोन काळज्यांची गाठच पडलेली नाही. याला आपण 'अज्ञान' म्हणून मोकळे होतो. जागृती करा, पत्रकं वाटा, भिंती रंगवा. पण मला सांगा, तिला कुणी काय सांगितलं होतं? माहितीचं लेबल असतं ते पन्नास किलोच्या गोणीवर. गोणी दुकानात राहते. तांदूळ जातो तिच्या पिशवीत. अशा तांदळाच्या वेष्टनावर, थॅलेसेमिया असलेल्यांनी तो वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावा, अशी सूचना छापायची, असं २०१८ च्या नियमांत होतं. २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या मतानुसार ती सूचना काढून टाकली. तज्ज्ञ बरोबर असतील, मी त्यात पडत नाही. माझा मुद्दा एवढाच की ती सूचना छापली तेव्हाही तिच्यापर्यंत पोचली नाही आणि काढली तेव्हाही तिला कळलं नाही. तिच्या दृष्टीने तांदळात एक अनोळखी वस्तू आली. अनोळखी वस्तू तिने वेचून टाकली. हे मला अज्ञान वाटत नाही, ही सावध माणसाची वागणूक आहे.

आता शब्दाकडे येऊ. मराठीत 'निवडणं' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. तांदूळ निवडणं, म्हणजे नको ते काढून टाकणं. आणि पर्यायांतून निवडणं, म्हणजे हवं ते घेणं. 'निवडणूक' हा शब्द त्यातूनच आला. आपल्या भाषेने हे दोन्ही एकाच शब्दात ठेवले हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. आपल्या अन्नधोरणाने मात्र ते दोन जातींच्या माणसांत वाटून टाकले आहेत. पैसेवाल्याला दुसरा अर्थ दिला, तो दुकानात जाऊन हवं ते घेतो. रेशनवाल्याला पहिला अर्थ उरला, दिलेल्यातून नको ते वेचायचं. एकाला आपण ग्राहक म्हणतो, दुसऱ्याला लाभार्थी. माझी टीका या वाटणीवर आहे.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. "सर, लोकांनाच पांढराशुभ्र तांदूळ आवडतो. सरकार लोकांच्या आवडीचंच देतं." हे उत्तर तपासायला हवं. आवड येते कुठून?

आपल्या कर्जतचंच उदाहरण घेऊ. कर्जत स्टेशनचा वडा प्रसिद्ध आहे. पुण्यामुंबईचा माणूस कर्जत आलं की खिडकीतून हात बाहेर काढतो. का? इथला बटाटा वेगळा आहे? बेसन वेगळं आहे? वडा चांगला असतो, माझी काही तक्रार नाही. पण मूळ कारण बोरघाट आहे. घाटाचा चढ सदतीसला एक असा कडक आहे, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी इंजिनं कर्जतला जोडावी लागतात. इंजिनं जोडायची म्हणून गाडी थांबते. गाडी थांबते म्हणून वडा विकला जातो. वडा विकला जातो म्हणून तो ताजा असतो, ताजा असतो म्हणून आवडतो आणि मग दोन पिढ्यांनी आपण म्हणतो, कर्जतचा वडा ही आमची आवड. आवड खरीच आहे. पण तिच्या मुळाशी रेल्वेचा थांबा आहे.

तीच गोष्ट खालापूरला. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला, टोलनाका आला, आणि नाक्याच्या आसपास फूड मॉल उभे राहिले. पूर्वी जुन्या रस्त्याने जाणारा प्रवासी खोपोलीत उतरून खायचा, आता मॉलवर थांबतो. त्याची जीभ बदलली नाही, थांबा बदलला. जीभ हळूहळू मागून आली.

म्हणून मी म्हणतो, माणसाला काय आवडतं हे विचारण्याआधी तो कुठे थांबतो ते पाहा. गरिबाचा थांबा म्हणजे रास्त भावाचं दुकान. वर्षानुवर्षं तिथे पॉलिशचा तांदूळ आणि गहू ठेवला. ज्या घरात नाचणीची भाकरी होती, वरीचा भात होता, त्या घरातल्या नातवंडांना आता नाचणी काळी दिसते. मग आपण त्यांना विचारायला जातो, "बाळ, तुला काय आवडतं?" आणि ते म्हणालं "पांढरा भात", की आपण कागदावर लिहितो, लाभार्थ्यांची पसंती पांढऱ्या तांदळाला आहे. आधी थांबा आपण ठरवायचा, मग त्या थांब्यावर तयार झालेली आवड आपल्या निर्णयाचा पुरावा म्हणून दाखवायची. तर्कशास्त्रात याला चक्रक दोष म्हणतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही हा शिकवत असू.

यॉन एल्स्टर नावाच्या नॉर्वेच्या विचारवंताने १९८३ साली यावर एक पुस्तकच लिहिलं. त्याचं नाव आपल्या ओळखीच्या गोष्टीवरून आहे, आंबट द्राक्षं. कोल्ह्याला द्राक्षं मिळत नाहीत म्हणून तो ती आंबट ठरवतो. म्हणजे पसंती ही शक्यतेला चिकटून आकार घेते. अमर्त्य सेन यांनी हाच धागा दारिद्र्याच्या विचारात नेला. फार काळ वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच लहान करून घेतो, म्हणून तो समाधानी दिसला तर त्या समाधानावरून त्याची स्थिती मोजू नका, असं त्यांचं म्हणणं आहे.

पण इथे एक इशारा मलाच द्यायला हवा. "त्यांची आवड ही खरी आवड नाही, ती परिस्थितीने घडवली आहे" असं म्हटलं की पुढचं पाऊल फार धोक्याचं असतं. ते पाऊल म्हणजे, "म्हणून त्यांच्यासाठी काय चांगलं ते आम्ही ठरवू." अहो, माझी आवड तरी परिस्थितीने घडवलेली नाही का? मला सकाळी चहा लागतो. तो माझ्या आत्म्यातून आला की काय? चहावाल्या कंपन्यांनी आजोबांच्या पिढीला तो पाजला. तरीही माझ्या चहावर समिती बसत नाही. घडवलेली आवड सगळ्यांचीच असते. फरक एवढा की मला ती बदलून पाहायला वाव आहे आणि तिला नाही.

आणि उपाशी माणसाला आवडनिवड नसते हाही एक मोठा गैरसमज आहे. माझ्या वयाच्या लोकांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. मी तेव्हा विशीत होतो. दुष्काळी कामांवर सुकडी मिळायची. आणि रेशनवर मिलो यायचा, परदेशातून आलेली लाल ज्वारी. लोकांनी तो खाल्ला, त्यावर जगले. पण त्यांनी तो आपला मानला नाही. आज पन्नास वर्षांनीही म्हातारी माणसं 'मिलो' म्हणताना तोंड वाकडं करतात. पोट भरलं याचं ऋण ती विसरलेली नाहीत, आणि आपल्याला विचारलं नव्हतं हेही विसरलेली नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण रेशनवर टीका केली की लगेच दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतात, बंद करा म्हणतात. माझी भूमिका ती नाही. रेशन ही या देशाने केलेल्या मोठ्या कामांपैकी एक गोष्ट आहे. करोनाच्या काळात ते नसतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. जी गोष्ट मोलाची, तिच्यावरच टीका करण्यात अर्थ असतो.

तर आता कायदा वाचू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिना पाच किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. तांदूळ तीन रुपये, गहू दोन, भरड धान्य एक रुपया किलो, असा मूळ दर. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून अंमल सुरू झाला. ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के लोक, मिळून सात कोटींच्या आसपास, एवढा आपल्या राज्याचा कोटा. तो २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे, म्हणजे त्यानंतर जन्मलेलं पोर या हिशेबात कुठे बसतं ते तुम्हीच बघा. कातकरी ही आदिम जमात. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ च्या आदेशात अशा जमातींच्या कुटुंबांना अंत्योदयचं कार्ड द्यायला सांगितलं होतं. हक्काची बाजू अशी आहे आणि ती भक्कम आहे.

पण माझ्या आजच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं आहे ते कलम १२. या कलमात वितरण व्यवस्था सुधारण्यासाठी काय काय करावं याची यादी आहे. धान्य दुकानाच्या दारापर्यंत पोचवणं. संगणकीकरण. आधारचा उपयोग. कागदपत्रांची पारदर्शकता. दुकानं देताना पंचायती, बचत गट, सहकारी संस्था यांना प्राधान्य, आणि दुकानं चालवण्यात स्त्रियांचा सहभाग. पुढे, वाटपातल्या वस्तूंमध्ये हळूहळू विविधता आणणं. पुढे, स्थानिक वितरणाचे नमुने आणि धान्यबँका यांना आधार देणं. शेवटी रोख रक्कम, कूपन वगैरे.

आता गेल्या बारा वर्षांत या यादीतलं काय झालं? संगणक आला. आधार आला. दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं. रोख रकमेचे प्रयोग झाले. आणि स्थानिक धान्य, धान्यबँका, वस्तूंची विविधता? त्या ओळी कायद्यात जशाच्या तशा आहेत. एखाद्या ग्रंथातला कोणता श्लोक लोक पाठ करतात आणि कोणता गाळतात यावरून त्या संप्रदायाची ओळख पटते. या कायद्यातून आपण जे जे उचललं ते मुख्यतः लाभार्थ्याला ओळखण्याचं, मोजण्याचं. जे गाळलं ते त्याला विचारण्याचं.

न्यायाने हेही सांगतो की ओळखण्यातूनही थोडी निवड मिळाली. आता कार्डधारक कुठल्याही दुकानातून धान्य उचलू शकतो. दिवाळीनंतर जे कुटुंब वीटभट्टीवर जातं, त्याला तिथे धान्य मिळण्याची सोय कागदावर झाली, पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षातही होते. म्हणजे दुकान निवडता येतं. धान्य निवडता येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण मोफत झालं. आपल्याला वाटतं, यात काय वाईट? तीन रुपये वाचले. पण ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाची व्याख्या पाहा. मोबदला देऊन वस्तू घेणारा तो ग्राहक. तीन रुपये किलो का होईना, ती बाई काही देत होती. दुकानदाराला म्हणू शकत होती, "पैसे मोजते, खडे का?" आता काय म्हणेल? कायदेपंडित यावर वाद घालतील, सरकार तिच्या वतीने पैसे भरतं असंही म्हणतील. मी कायद्याचा निकाल देत नाही. मी ओटीवरची गोष्ट सांगतो. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढली की ऐकावं लागतं, "फुकटचं आहे ना, मग?" तीन रुपयांबरोबर तक्रारीचा तोरा गेला. हक्क म्हणून मिळालेली वस्तू दान असल्यासारखी वाटायला लागली, तर कायद्याचा आत्माच हरवतो.

आता उलट बाजूला, शेतकऱ्याकडे जाऊ. आपल्या कर्जतमध्ये भात संशोधन केंद्र आहे. १९१९ पासूनचं. शंभर वर्षं उलटून गेली. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-५, कर्जत-७, सह्याद्री नावाचे संकरित वाण, ही सगळी इथली लेकरं. कुठलं हळवं, कुठलं गरवं, कुठलं बारीक दाण्याचं, कुठलं जाड. म्हणजे या मातीत भाताच्या विविधतेवर एक शतक सरकारी पैशाने विचार झाला आहे. सरकारला भातातले फरक कळत नाहीत असं कुणी म्हणू नये.

पण हेच सरकार भात विकत घेतं तेव्हा काय होतं? २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, आणि 'अ' दर्जाच्या भाताचा २,३८९. फरक वीस रुपये. क्विंटलला वीस, म्हणजे किलोला वीस पैसे! चवीची, बारीकपणाची, वाणाची सरकारदरबारी एवढी किंमत. बाजारात कोळम आणि जाडा तांदूळ यांच्या भावात किती अंतर असतं ते घरातल्या बाईला विचारा. वाड्याच्या कोळमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते चवीला आणि ठिकाणाला मिळालेलं मानांकन आहे. म्हणजे बाजाराला ठिकाण कळतं, रेशनला फक्त वजन कळतं. खरेदी केंद्रावर घातलेला भात भरडायला जातो, शंभर किलो भाताला सदुसष्ट किलो तांदूळ असा हिशेब धरतात, आणि तो तांदूळ मोठ्या गंगेत मिसळतो. गोंदिया-भंडाऱ्याचा कोणता आणि रायगडचा कोणता, ताटात बसल्यावर कुणाला सांगता येणार नाही. शेजारच्या शेतातला तांदूळ शेजारच्या वाडीत खाल्ला जावा ही गोष्ट या व्यवस्थेत योगायोगानेच घडू शकते.

नाचणीचं पाहा. तिचा हमीभाव याच हंगामाला ४,८८६ रुपये, भाताच्या दुपटीहून जास्त. ऐकायला किती छान! पण हमीभाव जाहीर होणं वेगळं आणि वाडीच्या जवळ वजनकाटा लागणं वेगळं. माळावर दोन-तीन मण नाचणी पिकवणारा माणूस ती घेऊन कुठे जाणार? कायद्याने भरड धान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद केली. पण पिकवणारा काट्यापर्यंत पोचत नाही आणि खाणाऱ्याच्या दुकानात ते सहसा येत नाही.

आता तुम्ही मला विचाराल, मग कोंड्यासकट तांदूळ का देत नाही? सरळ प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावामध्ये आइकमन या डच डॉक्टरला दिसलं की पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या आजारी पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात. त्यातून जीवनसत्त्वांचं शास्त्र पुढे गेलं, त्याला १९२९ चं नोबेल मिळालं. गांधीजी हातसडीच्या तांदळासाठी लिहीत राहिले. आपण १९५८ मध्ये भातगिरण्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला, हातसडीचा धंदा वाचावा हाही त्यामागे हेतू होता. १९९७ मध्ये तो कायदा रद्द झाला. आज आपण कोंडा काढतो, त्याचं तेल वेगळं विकतो, आणि उरलेल्या पांढऱ्या दाण्यात कारखान्यातून जीवनसत्त्व आणून घालतो. पण इथे भाबडेपणा नको. कोंडा ठेवला तरी बी-१२ मिळत नाही, कोंड्यातलं लोह शरीरात फार मुरत नाही, आणि कोंड्याचा तांदूळ गोदामात लवकर खवट होतो. दूरवरून आणून महिनोन्महिने साठवायचा तर पॉलिश सोयीचं. म्हणजे पुन्हा तेच. पांढरा रंग हा आधी गोदामाचा आग्रह होता, मग तो जिभेचा झाला. जवळचं धान्य जवळ वाटलं असतं तर हा आग्रह एवढा ताठर राहिला नसता.

एक शब्द अजून बघू आणि मग आवरतं घेतो. शिधापत्रिका. 'शिधा' कुणाला देतात? जो पाहुणा आपल्या हातचं शिजवलेलं खात नाही, आपापलं रांधून खातो, त्याला. त्यामागे जातीची सोवळी-ओवळी होती, ते मी झाकत नाही. पण देण्याची रीत पाहा. शिध्यात नुसते तांदूळ देत नसत. डाळ, पीठ, मीठ, मिरची, तूप, गूळ, भाजी. देणारा मनात एक पूर्ण जेवण मांडायचा आणि घेणारा कसं रांधेल त्याला मोकळा सोडायचा. आपल्या शिधापत्रिकेवर तांदूळ आणि गहू. वरण कशाचं करायचं? २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' काढला. शंभर रुपयांत किलोभर रवा, किलोभर चणाडाळ, किलोभर साखर आणि लिटरभर पामतेल. कल्पना चांगली, लोकांना ती हवीशी वाटली. पण सणाला काय गोड करायचं तेही वरूनच ठरलं. आणि डाळ-तेल ही सणाची वस्तू, रोजची गरज नाही, असाही अर्थ त्यातून निघाला.

आता थोडी टीका आपल्यावर, म्हणजे या सभागृहात बसलेल्यांवर. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. त्या निमित्ताने आपण नाचणीची बिस्किटं खाल्ली. पावसाळ्यात रानभाजी महोत्सव होतात. शेवळं, टाकळा, कुरडू, करटोली, भारंगी. जे ठाकर-कातकरी बाया वर्षानुवर्षं डोक्यावर टोपली घेऊन कर्जत-नेरळच्या बाजारात विकत आल्या, त्याचे आपण आता फोटो काढतो. वाईट नाही. पण आपण ज्याला पौष्टिक म्हणून उचललं ते महाग होतं, आणि मग ज्यांचं ते अन्न होतं त्यांच्याकडून सुटतं. ती बाई करटोली विकून पोरांना पाच रुपयांची कुरकुरीत पुडी घेते. त्या पुडीला वाडीपर्यंत पोचायला रस्ता सापडला, नाचणीला सापडला नाही. तिला उपदेश करण्याआधी पुडीचा रस्ता आणि नाचणीचा रस्ता यांच्यातला फरक पाहा. एका रस्त्यामागे कारखाना, घाऊक व्यापारी, मोटारसायकलवरचा विक्रेता आहे. दुसऱ्यामागे कायद्याच्या कलमातली एक ओळ आहे.

मग करायचं काय? मी तीन गोष्टी सुचवतो, तिन्ही आहे त्या कायद्यात बसणाऱ्या. पहिली, वर्षातून एकदा ग्रामसभेत, आणि वाडीची स्वतंत्र सभा घेऊन, रेशनच्या टोपलीवर चर्चा व्हावी. पाच किलोत तांदूळ किती, गहू किती, नाचणी हवी का, तांदूळ जाडा हवा की बारीक. सगळं मान्य करता येणार नाही हे मला कळतं. पण विचारलं गेलं आणि 'नाही' का म्हटलं ते सांगितलं गेलं, तरी नातं बदलतं. दुसरी, एका तालुक्यापुरतं का होईना, जवळची नाचणी आणि जवळचा भात बचत गटांमार्फत घेऊन जवळच्याच दुकानांत देऊन पाहावा. कर्जतला संशोधन केंद्र आहे, शेत आहे, वाड्या आहेत. या प्रयोगाला यापेक्षा योग्य जागा कोणती? तिसरी गोष्ट अगदी साधी. तांदळात नवं काही घालाल तर दुकानात ते उकडून दाखवा, खाऊन दाखवा, मराठीत आणि तिच्या बोलीत सांगा. आणि ज्याला ते नको असेल त्याला साधा तांदूळ मिळण्याची वाट ठेवा. ज्याला 'नको' म्हणता येतं त्याच्याच 'हो'ला किंमत असते.

त्या दिवशी मी त्या बाईला दाण्यांबद्दल सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असंल. पण मग आधी सांगायचं होतं ना." आणि निवडत राहिली. मी तिला पुढे काही बोललो नाही. तिचं म्हणणं मला बरोबर वाटलं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: निवडीचं एवढं महत्त्व असेल तर थेट रोख रक्कमच का देऊ नये? ज्याला जे हवं ते तो घेईल.

उत्तर: ऐकायला हे सगळ्यात उदार वाटतं. चंडीगड, पुद्दुचेरीत २०१५ पासून असे प्रयोग झाले. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये द्यायला सुरुवात झाली. पाच किलोला दीडशे, म्हणजे तीस रुपये किलो. आता भाव वाढला तर फरक कोण सोसणार? धान्याचा हक्क भाववाढीबरोबर आकसत नाही, रुपयाचा आकसतो. आणि मुख्य म्हणजे निवड करायला आधी दुकान लागतं. ज्या वाडीला एकच दुकान, त्यात तीन प्रकारची पुडी आणि एक प्रकारचा तांदूळ, तिथे रोख रक्कम दिली तरी निवड त्या दुकानाएवढीच. शहरात, जिथे बाजार दाट आहे, तिथे ज्याला हवं त्याला हा पर्याय द्यायला माझी हरकत नाही. पण 'ज्याला हवं त्याला' हे शब्द महत्त्वाचे. सक्तीने दिलेली निवड ही निवड नव्हे.

प्रश्न: पुष्कळ लोक रेशनचा तांदूळ विकतात. याचा अर्थ त्यांना त्याची गरज नाही, असा होत नाही का?

उत्तर: रेशनच्या धान्याचा व्यापार बेकायदा आहे, त्याचं समर्थन मी करत नाही. त्यात मोठे मासे वेगळेच असतात. पण घरातली बाई पाच किलो तांदूळ विकून काय आणते ते पाहिलंय का? बहुतेक वेळा तेल, डाळ, मीठ-मसाला, नाहीतर थोडा बरा तांदूळ. म्हणजे आपण जो शिधा अपुरा दिला, तो ती बाजारात जाऊन पुरा करते आणि त्यात तोटा सोसते, कारण विकताना तिला भाव पडून मिळतो. तिला गरज नाही असा अर्थ मी काढणार नाही. तिला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, ते ती अशा रीतीने सांगते आहे. दुसरी कुठली जागा आपण तिला सांगायला ठेवलेली नाही.